मावळ तालुक्यातील वारसनोंद

वारसनोंद म्हणजे मृत खातेदाराच्या जागी त्याच्या कायदेशीर वारसांची नावे अधिकार अभिलेखात दाखल करण्याची महसुली प्रक्रिया होय. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४९ व १५० यांनुसार चालते. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व त्यातील लोणावळा शहर यांच्या संदर्भात या प्रक्रियेची माहिती दिली आहे. तालुक्याचे मुख्यालय वडगाव येथे असून तहसील कार्यालय, भूमि अभिलेख खात्याचे कार्यालय व दिवाणी न्यायालय तेथेच आहेत.

पार्श्वभूमी

आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ अशी या प्रदेशाची परंपरागत विभागणी आहे. नदीकाठची भातखाचरे आणि डोंगरउतारावरील वरकस जमीन हे येथील शेतीचे स्वरूप. वडगावच्या भात संशोधन केंद्राने विकसित केलेल्या 'इंद्रायणी' वाणामुळे हा भाग सर्वत्र परिचित झाला. एका कुटुंबाची खाचरे अनेकदा तीन-चार ठिकाणी विखुरलेली असतात व प्रत्येकाला स्वतंत्र गट क्रमांक असतो. त्यामुळे एका मृत्यूनंतर अनेक उताऱ्यांवर, क्वचित दोन-तीन गावांच्या दप्तरांत नोंद करावी लागते.

पेशवाईत मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरागत मानला जाई, तर उपरी कुळाला तसा हक्क नसे. वारसाविषयी तंटा झाल्यास गोतसभेपुढे निवाडा होऊन महजर लिहिला जात असे. इंग्रजी अमलात सारा कोणी भरावयाचा हा मुख्य प्रश्न होता. हक्कांची पद्धतशीर नोंद मुंबई इलाख्यात १९०३ च्या अधिकार अभिलेख कायद्याने सुरू झाली आणि १९१३ मध्ये ती तरतूद १८७९ च्या जमीन महसूल अधिनियमात समाविष्ट झाली. आजचा सातबारा व फेरफार या व्यवस्थेचेच वंशज आहेत.

प्रक्रिया

मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारसांनी गावच्या तलाठ्यास कळवावे, असे संहितेचे कलम १४९ सांगते. (तलाठी या पदाचे नाव २०२४ मध्ये 'ग्राम महसूल अधिकारी' असे करण्यात आले, बोलण्यात मात्र तलाठी हाच शब्द टिकून आहे.) मुदत उलटल्याने वारसाचा हक्क बुडत नाही. वारसा मृत्यूच्या क्षणीच उघडतो, नोंद ही केवळ त्याची दप्तरी दखल असते. तरीही उशीर महागात पडतो. दोन पिढ्यांची नोंद राहून गेली की आजोबांच्या नावापासून प्रत्येक मृत्यूचा दाखला जमवावा लागतो, आणि वारसांची संख्या चारावरून चाळीसवर गेलेली असते.

अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये, पत्ते व मृताशी नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र, वंशावळ आणि संबंधित सातबारा व आठ-अ उतारे जोडतात. ई-हक्क प्रणालीद्वारे हा अर्ज संगणकावरूनही करता येतो. तलाठी प्रथम गाव नमुना सहा-क या वारसा प्रकरणांच्या नोंदवहीत माहिती लिहितो. स्थानिक चौकशीनंतर वारस कोण हे ठरले की गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते व चावडीवर ती प्रसिद्ध होते. पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो व त्यानंतरच सातबारावर नावे चढतात. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि उभय पक्षांना ऐकून निर्णय होतो. त्यावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील करता येते.

जुन्या मृत्यूंचा दाखला मिळविणे ही वाड्यावस्त्यांवरील नेहमीची अडचण आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यू एकवीस दिवसांत नोंदवावयाचा असतो. एक वर्षाहून अधिक काळ लोटल्यास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाखेरीज नोंद होत नाही. जो माणूस घरातून निघून गेला व सात वर्षे त्याची काहीच वार्ता नाही, त्याच्याबाबत पुराव्याच्या कायद्यातील मृत्यूच्या गृहीतकाचा आधार घेऊन दिवाणी न्यायालयात जावे लागते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य शासनाने मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी 'जिवंत सातबारा' ही मोहीम राज्यभर सुरू केली. बुलढाणा जिल्ह्यात आधी राबविलेल्या उपक्रमावरून ती घेतलेली होती.

वारस कोण

हिंदू कुटुंबांस हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू होतो. पुरुष मृत्युपत्र न करता वारल्यास त्याची स्वकष्टार्जित मिळकत वर्ग एकच्या वारसांना मिळते. मुलगा, मुलगी, विधवा व आई हे त्यांतील प्रमुख होत. पूर्वीच वारलेल्या मुलामुलींची अपत्ये व मुलाची विधवा आपल्या शाखेच्या हिश्श्यास पात्र असतात. मृताची आई हयात असेल तर तिला मुलाइतकाच वाटा आहे, ही गोष्ट अर्ज लिहिताना फार वेळा विसरली जाते. वडील मात्र वर्ग एकमध्ये नाहीत. हे अनेकांस उलटे वाटते, पण कायदा तसा आहे.

वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलींच्या हिश्श्याचा इतिहास आकड्यांतच अधिक स्पष्ट होतो. गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या १९७८ च्या खटल्यात मृतामागे पत्नी, दोन मुलगे व तीन मुली होत्या. मृत्यूसमयी वाटणी झाली असे कल्पून वडील, आई व दोन मुलगे यांचा प्रत्येकी १/४ हिस्सा सर्वोच्च न्यायालयाने धरला आणि वडिलांचा १/४ सहा वारसांत वाटला. पत्नीस व प्रत्येक मुलास ७/२४ आणि प्रत्येक मुलीस १/२४ असा त्याचा हिशोब होतो. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींना सहदायाद केले. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद मिटून सर्वच मुलींना जन्मतः मुलासारखा हक्क मिळाला. त्याच कुटुंबाचा हिशोब आज केला तर सहाही जणांस प्रत्येकी १/६ येतो. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्री त्यामुळे उलटत नाहीत.

मावळातील महादेव कोळी, ठाकर व कातकरी या अनुसूचित जमातींना हा अधिनियम लागू नाही. त्यांचा वारसा रूढीनुसार ठरतो व त्यांच्या जमिनीच्या हस्तांतरणावर संहितेच्या कलम ३६ व ३६-अ यांची बंधने आहेत. मुस्लिम कुटुंबांत वैयक्तिक कायद्याप्रमाणे, तर पारशी व ख्रिस्ती कुटुंबांत भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे हिस्से ठरतात. लोणावळा-खंडाळ्यातील जुन्या बंगल्यांच्या संदर्भात याला महत्त्व आहे.

सातबारावरील जुन्या खुणा

मावळातील वारसाच्या तंट्यांचे मूळ पुष्कळदा जुन्या फेरफारांतील दोन-तीन अक्षरांत सापडते. पूर्वी एकत्र कुटुंबाच्या जमिनीला थोरल्या भावाचे नाव लावून पुढे 'ए. कु. पु.' (एकत्र कुटुंब पुढारी) किंवा 'ए. कु. मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) असे लिहीत. धाकट्या भावांची नावे उताऱ्यावर येतच नसत. थोरला वारल्यावर केवळ त्याच्याच मुलांची वारसनोंद झाली, आणि पुढे उतारा नव्याने लिहिताना ही अक्षरेही गळाली, की धाकट्यांची शाखा दप्तरातून नाहीशी होते. तिचे वंशज खाचर कसत असतात, पण कागदावर नसतात. अशा वेळी नव्या उताऱ्यावर विसंबून न राहता मूळ फेरफाराची नक्कल अभिलेख कक्षातून काढणे हाच उपाय असतो. नोंद लेखनाच्या चुकीने गळाली असल्यास कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्ती मागता येते. हक्काविषयीच वाद असल्यास दिवाणी दावा लावावा लागतो.

दुसरी खूण 'इतर हक्क' या स्तंभात दिसते. मुलांची नावे कब्जेदार सदरी आणि बहिणींची नावे इतर हक्कांत, अशी विभागणी जुन्या वारसनोंदींत सर्रास आढळते. जणू बहिणींचा हक्क पोटगीपुरता आहे! या मांडणीला आज कायद्याचा आधार नाही. बहिणीचे नाव इतर हक्कांत लिहिल्याने तिचा हिस्सा कमी होत नाही, परंतु खरेदीदार व बँका कब्जेदार सदरीची नावेच पाहत असल्याने व्यवहारात तिला डावलणे सोपे जाते.

याच स्तंभात विविध कार्यकारी सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो. तो जमिनीबरोबर वारसांकडे येतो. अन्य कर्जांबाबत वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनी, उदाहरणार्थ काही इनाम व वतनी जमिनी, वारसाने पुढे जातात. विक्रीस मात्र सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते.

हक्कसोडपत्र व वाटप

सर्व वारसांची नावे लागल्यावर जमीन सामाईक राहते. कोणास आपला हिस्सा दुसऱ्या वारसाच्या लाभात सोडावयाचा असल्यास हक्कसोडपत्र करतात. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. तलाठ्यापुढे दिलेला जबाब किंवा साध्या कागदावरील संमतिपत्र यांनी हिस्सा सुटत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नातेवाइकांच्या लाभात केलेल्या हक्कसोडपत्रास नाममात्र मुद्रांक शुल्क आहे.

बहिणींनी माहेरचा हिस्सा सोडावा अशी समाजाची अपेक्षा असते. साडीचोळी व सणावारी माहेरी येण्याचा मान यांच्या मोबदल्यात सही होते. जमीन भातापुरती होती तोवर यात तंटा क्वचितच निघे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, तळेगावची औद्योगिक वसाहत आणि पर्यटनासाठी उभी राहिलेली बंगल्यांची वसाहत यांनी जमिनीचा भाव पालटला. विकत घेणाऱ्याचा वकील बहिणींच्या सह्या मागू लागला, तेव्हा त्या सह्यांची किंमत दोन्ही बाजूंना कळली. एकदा नोंदविलेले हक्कसोडपत्र फसवणूक वा दबाव सिद्ध केल्याखेरीज रद्द होत नाही, हे सहीपूर्वी सांगणारे कोणी जवळ असतेच असे नाही.

वाटप तीन मार्गांनी होते: नोंदणीकृत वाटणीपत्र, संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडून, किंवा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. तुकडेबंदी अधिनियम, १९४७ मुळे ठरावीक प्रमाणक्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडण्यावर बंधन आहे. वारसाने नावे लागण्यास त्याची आडकाठी नसते. अडचण येते ती सरस-निरस वाटप करून हद्दी पाडताना. एखाद्या वारसाने आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्यास विकावयाचे ठरविल्यास वर्ग एकच्या इतर वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क आहे (कलम २२), व तो शेतजमिनीसही लागू असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. राहत्या घराचा हिस्सा विकत घेणाऱ्या परक्यास कुटुंबासमवेत ताबा मागता येत नाही.

लोणावळा शहर

शहरातील नगर भूमापन झालेल्या मिळकतींना सातबाराऐवजी मिळकत पत्रिका असते व तिच्यावरील वारसनोंद परिरक्षण भूमापकामार्फत भूमि अभिलेख खाते करते. १८७७ मध्ये स्थापन झालेल्या लोणावळा नगरपरिषदेच्या करआकारणी नोंदवहीत वेगळा अर्ज द्यावा लागतो. घरपट्टीची पावती ही मालकीचा पुरावा नव्हे. तरी तीच दाखवून मालकी सांगणारे कमी नाहीत.

सदनिकांच्या बाबतीत सहकारी गृहनिर्माण संस्थेकडील नामनिर्देशन हा गैरसमजाचा मोठा विषय आहे. नामनिर्देशित व्यक्ती संस्थेच्या दृष्टीने व्यवहार पाहते. मालकी वारसा किंवा मृत्युपत्र यांवरूनच ठरते. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगांवकर यांच्या निधनानंतर त्यांच्या गुंतवणुकींवरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी हेच तत्त्व समभाग व रोख्यांबाबत सांगितले. अशा रोख्यांसाठी व बँकेतील येण्यांसाठी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितले जाते. स्थावर मिळकतीसाठी १८२७ च्या मुंबई विनियम आठ खालील वारस दाखला दिवाणी न्यायालयातून घेण्याची पद्धत आजही चालू आहे.

मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही व दोन साक्षीदार आवश्यक असतात. नोंदणी ऐच्छिक आहे. पुणे जिल्ह्यात केलेल्या व तेथील मिळकतीपुरत्या मृत्युपत्रास प्रोबेटची सक्ती नव्हती. मात्र लोणावळ्यातील बंगल्यांचे मालक बहुधा मुंबईकर, आणि मुंबई शहरात केलेल्या मृत्युपत्रास ती दीर्घकाळ लागू असल्याने अशा मिळकतींचे कागद उच्च न्यायालयातून फिरून येत. भारतात मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला असून वारसाने मिळालेल्या मिळकतीवर स्वतंत्र कर नाही.

नोंदीचे कायदेशीर मूल्य

संहितेच्या कलम १५७ नुसार प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. तथापि फेरफाराने मालकी निर्माण होत नाही किंवा नष्टही होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. नाव राहून गेलेल्या वारसाचा हक्क त्यामुळे शाबूत राहतो. भूसंपादनाच्या वेळी मात्र हा दिलासा अपुरा ठरतो, कारण मोबदल्याची नोटीस उताऱ्यावरील नावांनाच निघते. वाटपाविषयी वाद असल्यास रक्कम प्राधिकरणाकडे वा न्यायालयाकडे जमा होऊन निकालापर्यंत तेथेच राहते. पवना धरणासाठी जमिनी गेलेल्या कुटुंबांत मूळ खातेदारांची तिसरी पिढी आज पुनर्वसनाचा हक्क मागते, आणि तिलाही सर्वप्रथम आजोबांपासूनची वारसनोंद सादर करावी लागते.