इलेक्ट्रॉनिक कचरा आणि त्याचे वाटेकरी

कचरा उचलून नेणाऱ्यास पैसे द्यावे लागतात, हा युरोपांतील व्यवहार. आपल्याकडे भंगारवाला दारांत येऊन उलट आपल्यालाच पैसे मोजतो. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासंबंधीं भारतांत जे नियम झाले त्यांचा इतिहास पाहतांना ही साधी गोष्ट प्रथम ध्यानांत ठेविली पाहिजे. कारण नियम करणाऱ्यांस तिचा पुष्कळदां विसर पडलेला दिसतो.

संगणक, दूरदर्शन संच वा मोबाइल फोन ह्यांच्या पोटांतील पट्ट्यांत तांबें असतें, रुपें असतें, थोडेंसें सोनेंहि असतें. आणि त्यांच्याच शेजारीं शिसें व कॅडमियम हीं विषेंहि असतात. साऱ्या तंट्याचा उगम येथें आहे. एकाच वस्तूला एक जण माल म्हणतो, दुसरा विष म्हणतो, आणि दोघांचेंहि म्हणणें खरें असतें. घातक कचरा एका देशांतून दुसऱ्या देशांत नेण्यावर निर्बंध घालणारा करार १९८९ सालीं बाझल येथें झाला. भारतानें तो १९९२ सालीं मान्य केला; अमेरिकेनें सही केली, पण मान्यता मात्र दिली नाहीं. पुढें जुने संगणक ‘वापरण्यायोग्य माल’ अथवा ‘दान’ ह्या नांवांखालीं आपल्या बंदरांत उतरूं लागले. दान ह्या शब्दाची इतकी विटंबना क्वचितच झाली असेल!

हा माल व आपल्याच घरांतील भंगार जाई कोठें? मुंबईंत कुर्ला-साकीनाक्याकडे, दिल्लींत सीलमपुरास, आणि तेथून बराचसा मुरादाबादेस. मुरादाबाद हें पितळेच्या भांड्यांचें नामांकित शहर. धातु वितळविणें व ओतणें ही तेथील कारागिरांची पिढीजात विद्या. पितळेचा धंदा मंदावला तेव्हां कित्येकांनीं तीच विद्या संगणकाच्या पट्ट्यांकडे वळविली. तारांवरील प्लॅस्टिक उघड्यावर जाळून तांबें काढावें, पट्ट्या आम्लांत बुडवून सोनें सोडवावें, उरलेली राख रामगंगेच्या कांठीं धुऊन तींतील धातूचे कण वेंचावे, असा हा उद्योग. ह्या लोकांस अडाणी म्हणण्याची चाल आहे. परंतु कोणत्या पट्टींत किती माल निघेल हें केवळ नजरेनें सांगणारा मनुष्य अडाणी कसा? त्याला धुराचें व आम्लाचें मोल मात्र कोणी सांगितलें नाहीं, आणि सांगितलें असतें तरी पोटापुढें त्याचा कितपत उपयोग झाला असता हा प्रश्नच आहे.

२००५ सालीं देशांतील ह्या कचऱ्याचा सरकारी अंदाज १,४६,८०० टन होता, व त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. स्वतंत्र नियम २०११ सालीं निघाले व मे २०१२ पासून लागू झाले. विकलेली वस्तु निकामी झाल्यावर तिची व्यवस्था उत्पादकानेंच लावावी, हें तत्त्व त्यांत आलें. पण किती माल परत घ्यावा ह्याचा आंकडा नव्हता, म्हणून पुष्कळ ठिकाणीं तें कागदावरच राहिलें. २०१६ च्या नियमांनीं आंकडा घातला आणि आरंभ ३० टक्क्यांपासून ठरविला. दोन वर्षांतच, २०१८ सालीं, तो आरंभ १० टक्क्यांवर उतरला. ही सवलत कोणाच्या सोयीची होती हें सांगणें नको.

२०२२ च्या नियमांनीं घडी पुन्हा बदलली. आतां नोंदणी चारच वर्गांची: निर्माता, उत्पादक, दुरुस्तीदार आणि धातु परत मिळविणारा कारखानदार. यंत्रें सुटीं करणारा व माल गोळा करणारा हे दोन वर्ग, म्हणजे ज्यांच्या हातून बहुतेक माल जातो तेच, यादींतून गळले. कामगारांची नोंद व शिक्षण राज्य सरकारांकडे सोंपविलें आहे, एवढाच त्यांचा उल्लेख. उत्पादकानें कारखानदाराकडून प्रमाणपत्रें विकत घ्यावीं, अशी नवी रीत आहे. प्रमाणपत्रें फार स्वस्त पडूं लागलीं तर विषाचा बंदोबस्त करून काम करणाऱ्या कारखान्यास तग धरवणार नाहीं, म्हणून सरकारनें किमान दर बांधला. घरगुती उपकरणांसाठीं तो किलोस २२ रुपये आहे. हा दर फार जड आहे व भाव ठरविणें हें सरकारचें काम नव्हे, असें म्हणत कांहीं बड्या कंपन्या दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेल्या. कारखानदारांचें म्हणणें असें कीं, ह्याहून कमी दरांत शिसें व आम्ल ह्यांची नीट विल्हेवाट होतच नाहीं. ह्या वादांत कंपन्यांचे वकील आहेत, सरकारचे आहेत. सीलमपूर व मुरादाबाद येथील कारागिरांची बाजू मांडणारें मात्र त्यांत कोणी दिसत नाहीं.