साखळी, गिअर आणि आडवी चाकं

आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून 1972 पासून बाहेर पडू लागलेल्या चेतक स्कूटरला साखळी नव्हती. हा निर्णय मुळात इटलीतला. विमानांच्या रचनेत मुरलेल्या कोराडिनो दास्कानियो यांनी 1946 च्या व्हेस्पात इंजिन, गिअर आणि मागचं चाक एकत्रच बसवलं. कपड्यांना ग्रीसचे डाग पडू नयेत, हाही त्यामागचा एक विचार. तोच वारसा चेतककडे आला. चाक एकाच बाजूने धरलेलं, त्यामुळे पंक्चर झालं की नट सोडायचे आणि स्टेपनी चढवायची, पुढे लावा नाहीतर मागे. पण इंजिन उजव्या फुगवट्याखाली, म्हणजे भार एकीकडे. बजाजच्याच 2001 च्या पल्सर मोटरसायकलमध्ये इंजिन मधोमध आलं आणि त्याबरोबर साखळीही. तोल सुधारला, साखळी ताणणं, तेल देणं मात्र मालकाच्या गळ्यात पडलं.

पुढे पुणे-आकुर्डीच्या याच पट्ट्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वर्कशॉपमध्ये काय मिळवायचं आणि काय सोडायचं, हा तोच हिशेब नव्याने मांडला गेला, यावेळी रोबोसाठी. एबीयू रोबोकॉन ही रोबोंची स्पर्धा 2002 मध्ये टोकियोत सुरू झाली आणि 2008 व 2014 मध्ये पुण्यात भरली.

सगळ्यात सोपी गाडी म्हणजे दोन्ही बाजूंना साधी रबरी चाकं. पकड उत्तम, बिघाड कमी. पण आडवं सरकता येत नाही आणि चार चाकं असतील तर वळताना ती जमिनीवर घासतात. ओम्नी चाकाच्या कडेला आडवे रोलर असतात. अशी तीन चाकं 120 अंशांवर लावली की रोबो तोंड न वळवता कुठेही सरकतो, मात्र कुणी ढकललं तर तितक्याच सहज घसरतो. स्वीडनच्या बेंग्ट इलोन यांनी 1970 च्या दशकात आणलेल्या मेकॅनम चाकात रोलर 45 अंशांत तिरपे बसतात. त्याला चार स्वतंत्र मोटर लागतात, चारही चाकं जमिनीला टेकलेली लागतात, आणि जोराचा काही भाग चाकं एकमेकांविरुद्धच खर्च करतात. स्वर्व्ह रचनेत प्रत्येक चाक उभ्या आसाभोवती स्वतंत्रपणे वळतं. पकड आणि चपळाई दोन्ही मिळतात, पण मोटर दुप्पट, वजन जास्त आणि प्रोग्रॅमिंगची डोकेदुखी वेगळी.

अमेरिकेतल्या फर्स्ट स्पर्धेत रोबो एकमेकांना रेटतात, म्हणून तिथे पकडीला भाव. रोबोकॉनमध्ये बहुतेक वर्षी धक्काबुक्कीपेक्षा नेमकेपणाची परीक्षा असते. तिथे ओम्नीचा घसरटपणा फारसा आड येत नाही. नियमपुस्तिका वाचण्याआधीच चाकं मागवणारा संघ पैसे फुकट घालवतो, असं म्हणायला हरकत नाही.

2019 च्या उलानबातरच्या रोबोकॉनमध्ये तर दोनपैकी एका रोबोने चार पायांवरच चालायचं, अशी अटच होती. तिथे चाकांचा वाद निम्म्यावर आला आणि गुडघ्यांचा सुरू झाला.