डोंबिवलीची सतरा अंकी संख्या

या वेळी आजी-आजोबा आणि नातवंडांनी मिळून वाचावी अशी एक संख्या आपल्या भेटीला आणत आहोत:

१२३४५६७८९८७६५४३२१

उलटसुलट कशीही वाचा, तीच राहते. नऊ एककांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, हा वर्ग आहे. अंकांची बेरीज ८१, तीही ९ चा वर्ग. अवयव पाडले तर ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा येतात. एकूण विभाजक ४५.

असे का होते?

लहान उदाहरण घेऊ. १११ ला १११ ने पाटीवरच्या पद्धतीने गुणा:

१११
१११०
१११००
= १२३२१

प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते, म्हणून मधल्या घरात सर्वांत जास्त एक जमतात. नऊ एककांपर्यंत कुठेच हातचा येत नाही. दहा एकक घेतले की मध्ये १० होतात, हातचा येतो आणि नक्षी मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१. यात ८ कुठे हरवला, हे मुलांना शोधू द्या.

नाव कोणी दिले?

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना ही कल्पना जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनवर सुचली. त्यांनी तेच नाव दिले. कापरेकर बी.एस्‌सी. होते, पुढची पदवी नव्हती. १९३० ते १९६२ त्यांनी शाळेत शिकवले. इथे अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोचले. ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक'ही त्यांचाच.

मराठीत कशी वाचायची?

आपली मुले 'ट्वेल्व्ह क्वाड्रिलियन' म्हणून मोकळी होतात. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) कोटीच्या पुढची घरे आहेत: अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपल्या संख्येतला पहिला १ 'मध्य'च्या घरात बसतो. परार्धाला एकच घर कमी! ही नावे घरात उच्चारली गेली नाहीत, तर पुढच्या पिढीला ती फक्त शब्दकोशात सापडतील.

करून पाहा

ही संख्या एक्सेलमध्ये टाइप करा. शेवटी ३२१ ऐवजी ३०० दिसेल, कारण एक्सेल १५ च अंक नेमके धरते. मग मुलांना कागद-पेन्सिल देऊन १११११११११ चा वर्ग करायला सांगा. उत्तर शेवटच्या अंकापर्यंत बरोबर येईल. संगणकाला हरवल्याचा आनंद काही वेगळाच!