एकवीस नंबरचा रोबेर्तो

आजचा गडी बेसबॉलचा. थांबा, एपिसोड बदलू नका, नियम फार लागणार नाहीत. एवढंच लक्षात ठेवा: बेसबॉलमध्ये बॉल नुसता बॅटला लागून 'हिट' होत नाही, फटका मारून किमान पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचावं लागतं. दहातल्या सात वेळा फसणारा बॅटरही इथे थोर ठरतो. अशा खेळात रोबेर्तो क्लेमेंतेच्या नावावर बरोब्बर ३,००० हिट्स आहेत. त्याच्याआधी फक्त दहा जणांना हे जमलं होतं.

रोबेर्तोचा जन्म १९३४ चा, प्वेर्तो रिकोमधल्या कारोलिना गावचा. १९५५ पासून अठरा हंगाम तो पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळला. चार वेळा लीगमधला सर्वोत्तम बॅटर, फील्डिंगसाठी बारा गोल्ड ग्लव्ह. पण काळा आणि वर स्पॅनिश बोलणारा! पेपरवाले त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी उच्चारासकट छापून मजा घ्यायचे. बेसबॉल कार्डांवर कित्येक वर्षं 'बॉब क्लेमेंते' छापलं जायचं. तो सांगत राहिला, माझं नाव रोबेर्तो आहे. १९७१ ची वर्ल्ड सिरीज त्याने गाजवली, सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि टीव्हीवर बोलायची वेळ आली तेव्हा आधी स्पॅनिशमध्ये आईवडिलांचा आशीर्वाद मागितला. अमेरिकाभर लोक बघत होते. मला त्याच्या सगळ्या फटक्यांपेक्षा हे जास्त आवडतं.

३,००० वी हिट आली ३० सप्टेंबर १९७२ ला. नियमित हंगामातली ती शेवटचीच ठरली.

२३ डिसेंबरला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपात उद्ध्वस्त झाली. हजारो माणसं गेली. महिन्याभरापूर्वीच रोबेर्तो प्वेर्तो रिकोच्या हौशी संघाचा मॅनेजर म्हणून तिथे राहून आला होता. त्यामुळे तिथली माणसं ओळखीची. ऐन नाताळात तो सान हुआनच्या स्टेडियममध्ये मदत गोळा करत बसला. सामानाची विमानं गेलीसुद्धा. मग कळलं, हुकूमशहा सोमोसाचे सैनिक ते मधेच हडप करताहेत. लोकांनी आपल्या शब्दावर दिलेलं सामान! मी स्वतः गेलो तर हात लावणार नाहीत, असा त्याचा हिशेब.

त्याच्या मोठ्या मनाची गोष्ट सांगताना लोक पुढचा भाग पटकन उरकतात. पण ते विमान जुनं डीसी-७ होतं, त्याच महिन्यात अपघातात सापडलेलं. ३१ डिसेंबरला त्यात मर्यादेपेक्षा सुमारे १,९०० किलो जास्त माल भरला. रात्री नऊनंतर उडालं आणि लगेच समुद्रात कोसळलं. आत पाच जण होते. रोबेर्तो ३८ वर्षांचा. नशीब वगैरे म्हणायला माझी जीभ वळत नाही. हे टाळता आलं असतं.

हॉल ऑफ फेमसाठी निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. त्याच्यासाठी तो नियम बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्याला घेतलं. समाजासाठी काम करणाऱ्या खेळाडूला आजही दरवर्षी त्याच्या नावाचा पुरस्कार मिळतो. पायरेट्सनी २१ नंबर कायमचा बंद केला. जॅकी रॉबिन्सनचा ४२ जसा सगळ्या संघांनी बंद केला तसा २१ ही करा, ही प्वेर्तो रिकोच्या लोकांची जुनी मागणी आहे.

त्याचं शरीर सापडलंच नाही. संघातले सगळे श्रद्धांजलीच्या प्रार्थनेला आले, एक सोडून. कॅचर मॅनी सांगियेन, त्याचा जिगरी दोस्त, तेव्हा पाणबुड्यांबरोबर समुद्रात उड्या मारून त्याला शोधत होता.