शब्दवेध : भरपाई

'नुकसान' अरबीतून, फारसीच्या वाटेने मराठीत आले; 'भरपाई' मात्र 'भरून पावणे' यातली. जुन्या व्यवहारात पूर्ण रक्कम पोचल्याच्या पावतीलाही भरपाईच म्हणत. अपघाताच्या दाव्यात पूर्ण भरून पावण्याचा हा अर्थ अजून जिवंत आहे. जखमी माणसाचे नुकसान दवाखान्याच्या बिलाएवढेच नसते; बुडालेला रोजगार, वेदना, पुढची कमाई हेही त्यात येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले, की डावा हात गेलेल्या सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. अपंगत्वाचा टक्का तोच, भरपाई वेगळी. हे मला अगदी न्याय्य वाटते. अशा दाव्यात लोकअदालतीत तडजोड झाली, की तिच्यावर अपील नाही. तेव्हा पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च डॉक्टरांकडून लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.