महामारीत परिचारिका आणि वृद्धसेवा कर्मचाऱ्यांवर येणारा ताण: रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी माहिती

कोविडची साथ ओसरून काही वर्षे झाली, तरी काही नातेवाईक अजूनही एक प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे येतात. "बाबा वॉर्डात एकटे होते. सिस्टरना दहादा फोन केला, कोणी उचलला नाही. त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं असेल का?" काहींच्या मनात राग असतो, तर काहींना आपणच कमी पडलो असे वाटत राहते.

या प्रश्नाचे प्रत्येकाला लागू पडेल असे एक उत्तर नाही. पण साथीच्या काळात रुग्णाची सेवा करणाऱ्या माणसांवर नेमका कसला भार होता, त्याचा रुग्णसेवेवर काय परिणाम होतो आणि कुटुंब म्हणून आपण काय करू शकतो, हे समजून घेता येते. पुढची साथ कधी येईल हे सांगता येत नाही. ती आली तर ही माहिती आपल्या घरातील ज्येष्ठांसाठी उपयोगी पडेल.

सेवा करणारे कोण कोण?

रुग्णालयात आपण ज्यांना सिस्टर किंवा ब्रदर म्हणतो ते प्रशिक्षित, नोंदणीकृत परिचारक असतात. औषधे, सलाईन, ऑक्सिजन आणि रुग्णाच्या प्रकृतीच्या नोंदी ही त्यांची जबाबदारी. रुग्णाला पुसून काढणे, भरवणे, बेडपॅन देणे, स्ट्रेचर नेणे ही कामे वॉर्डातले मामा आणि मावशी करतात. वृद्धाश्रमात बहुतेक सेवा काळजीवाहकांच्या हाती असते. घरी येणाऱ्या मावशी किंवा अटेंडंट बहुधा ब्यूरोमार्फत, बारा किंवा चोवीस तासांच्या ड्युटीवर येतात. यातील अनेकींनी औपचारिक प्रशिक्षण घेतलेले नसते. बऱ्याच जणींना रोजंदारीवर पैसे मिळतात, म्हणजे खाडा झाला की त्या दिवसाचा पगार नाही.

रुग्णालयात ताण कशामुळे वाढला?

• पीपीई किट: किट एकदा घातले की सहा ते आठ तास पाणी पिता येत नसे, लघवीला जाता येत नसे. चष्मा घामाने धुरकट होई. दोन हातमोजे घालून वृद्ध रुग्णाची बारीक शीर शोधावी लागे. मास्कच्या दाबाने नाकावर आणि गालावर जखमा होत. मासिक पाळी असतानाही ड्युटी तीच.

• रुग्णांची संख्या: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक परिचारिका असावी अशी अपेक्षा असते. साथीच्या लाटेत एकीला असे अनेक रुग्ण सांभाळावे लागले. गंभीर रुग्णाला पालथे झोपवणे हा उपचाराचा भाग होता. नळ्या न हलू देता त्याला पालथे करायला चार-पाच माणसे लागतात. तेवढ्या वेळात बाकीच्या खाटांकडे पाहायला कोणी उरत नसे.

• नातेवाईकांची गैरहजेरी: आपल्याकडे रुग्णाला भरवणे, पाणी देणे, शौचालयापर्यंत नेणे, रात्री उशाशी बसणे ही कामे एरवी नातेवाईकच करतात. कोविड वॉर्डात त्यांना प्रवेश बंद झाला आणि हे सगळे काम कर्मचाऱ्यांवर आले. मनुष्यबळ मात्र त्या प्रमाणात वाढले नाही.

• संसर्गाची भीती: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८०,००० ते १,८०,००० आरोग्य कर्मचारी कोविडने दगावले. भारतात आरोग्य कर्मचाऱ्यांचे लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. त्याआधीचे जवळपास दहा महिने त्यांनी लसीविना काम केले. घरी लहान मूल किंवा वयस्कर सासू-सासरे असलेल्या कित्येक जणी महिनोन्महिने वेगळ्या राहिल्या.

• प्रवास: मुंबईची लोकल मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी १५ जूनपासून मर्यादित प्रमाणात सुरू झाली. मधल्या काळात विरार, कसारा, कर्जतकडून येणाऱ्यांचे कित्येक तास बसप्रवासात जात.

• समाजाची वागणूक: एकीकडे टाळ्या वाजल्या, दुसरीकडे काही परिचारिकांना घरमालकांनी खोली सोडायला सांगितली. असे प्रकार आणि मारहाणीच्या घटना वाढल्याने केंद्र सरकारला एप्रिल २०२० मध्ये साथरोग कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसा अजामीनपात्र गुन्हा ठरवावी लागली.

वृद्धाश्रमात आणि घरी काय वेगळे होते?

रुग्णालयातला रुग्ण काही दिवसांनी घरी जातो. वृद्धाश्रमातले काळजीवाहक मात्र त्याच आजी-आजोबांबरोबर वर्षानुवर्षे असतात. त्यांच्यासाठी एखाद्या आजींचा मृत्यू घरातले माणूस गेल्यासारखाच असतो. साथीत असे मृत्यू पाठोपाठ झाले, तेव्हा शोक करायलाही सवड मिळाली नाही.

स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांना मास्क लावायचे किंवा खोलीतच थांबायचे कारण समजत नाही. पीपीई घातलेली आकृती पाहून ते घाबरतात, हात झटकतात, जेवण नाकारतात. ज्यांना कमी ऐकू येते ते समोरच्याच्या ओठांच्या हालचालीवरून अंदाज घेतात. मास्कमुळे तोही मार्ग बंद झाला. अशा माणसाला एक वाटी वरण-भात भरवायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो.

घरी येणाऱ्या मावशींची अडचण वेगळी होती. अनेकींकडे अत्यावश्यक सेवेचे ओळखपत्र नव्हते. काही सोसायट्यांनी त्यांना फाटकातच अडवले. काही घरांनी "इथेच राहा, घरी जाऊ नका" असे सांगितले आणि त्या महिनोन्महिने स्वतःच्या मुलांना भेटू शकल्या नाहीत. काम सुटले त्यांची कमाईच थांबली.

कर्मचाऱ्याची अडचण आपल्या आईवडिलांपर्यंत कशी पोहोचते?

फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, कर्कलंड येथील एका शुश्रूषा केंद्रात कोविडची मोठी साथ पसरली. तपासात दोन गोष्टी पुढे आल्या. काही कर्मचारी लक्षणे असतानाही कामावर येत होते आणि काही जण एकाहून अधिक केंद्रांत काम करत होते. संसर्ग पसरायला या दोन्ही गोष्टींनी हातभार लावला.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मार्च २०२० च्या अखेरीस कर्मचाऱ्यांनी एकाच केंद्रात काम करावे असा आदेश काढला. वेगवेगळ्या केंद्रांतील पगारातली तफावत भरून काढण्यासाठी सरकारने पैसेही दिले. नुसता आदेश पुरला नसता, कारण एका नोकरीत भागत नाही म्हणूनच माणूस दुसरी धरतो.

आपल्या घरालाही हेच लागू होते. ताप असताना सुट्टी घेतली तर पैसे कापले जातील हे माहीत असलेली मावशी पॅरासिटामॉल घेऊन कामावर येईल. तिच्या आजारपणाची पगारी रजा ही घरातल्या ज्येष्ठाच्या संसर्गप्रतिबंधाचाच भाग आहे.

मनुष्यबळ कमी पडते तेव्हा काय राहून जाते?

माणसे अपुरी असली की कर्मचारी आधी जीव वाचवणारी कामे करतात. ऑक्सिजन, इंजेक्शने आणि तातडीची औषधे सहसा चुकत नाहीत. जी कामे "थोड्या वेळाने" म्हणून मागे पडतात त्यांचा परिणाम ज्येष्ठांवर लवकर दिसतो:

• कूस न बदलल्याने पाठीवर, कमरेखाली, टाचांवर शय्याव्रण म्हणजे बेडसोर होणे
• पाणी कमी पडल्याने शुष्कता, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग
• बेडवरून एकट्याने उठताना पडणे
• अंथरुणात पडून राहिल्याने स्नायूंची ताकद जाणे
• अचानक गोंधळणे, दिवस-रात्र न कळणे, नसलेली माणसे दिसणे. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. ज्येष्ठांमध्ये कोविडचे पहिले लक्षण कधी कधी ताप नसून हा गोंधळच होता.

कर्मचाऱ्यांच्या मनावर काय परिणाम होतो?

दीर्घकाळ न हाताळलेल्या कामाच्या ताणातून बर्नआउट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणात याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. त्याचे तीन भाग आहेत: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मन तुटणे किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे.

याखेरीज आणखी एक जखम असते. काय करायला हवे हे माहीत असते, पण परिस्थिती ते करू देत नाही. मरणाच्या दारात असलेल्या आजोबांचा हात धरून बसायचे असते, पण त्याच क्षणी पलीकडच्या खाटेवरचा अलार्म वाजतो. अशा प्रसंगांची टोचणी वर्षानुवर्षे राहू शकते. त्यातून झोप न लागणे, तेच प्रसंग डोळ्यांसमोर येणे, चिडचिड, व्यसन किंवा नोकरी सोडणे असे परिणाम दिसतात.

त्यामुळे सिस्टरचा रुक्ष आवाज दर वेळी बेफिकिरीचा नसतो. मन तुटू नये म्हणून काही जण भावना आवरून काम करतात.

दुर्लक्ष झाले असेल का?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. फोन उचलला गेला नाही याचा अर्थ वॉर्डात रुग्णाजवळ कोणी नव्हते असा होत नाही. कोविड वॉर्डात मोबाइल बाहेर ठेवावा लागे आणि हातमोजे घातलेल्या परिचारिकेला फोन घेण्यासाठी काम सोडून जाणे शक्य नसे. अनेक परिचारिकांनी स्वतःहून व्हिडिओ कॉल लावून दिले, रुग्णाच्या कानाशी घरच्यांचा आवाज पोहोचवला, शेवटच्या क्षणी जवळ उभ्या राहिल्या. नातेवाईकांना हे कधी कळलेही नाही.

काही ठिकाणी काळजी खरोखर कमी पडली, हेही मान्य करायला हवे. आपल्याला शंका असेल तर रुग्णालयाकडे रुग्णाच्या नोंदींची प्रत लेखी अर्ज करून मागता येते. ती ओळखीच्या डॉक्टरांसोबत बसून वाचा. शेवटच्या दिवसांत काय उपचार झाले हे कळल्यावर अनेकांचे मन थोडे शांत होते. निर्बंध असताना तुम्ही आत जाऊ शकला नाहीत, हा तुमचा दोष नव्हता.

कुटुंबीयांनी काय करावे?

रुग्णालयात दाखल करताना:
• घरातील एकच व्यक्ती संपर्कासाठी ठरवा. तिनेच फोन करावा आणि इतरांना कळवावे.
• एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या: रुग्णाला काय म्हणून हाक मारायची, भाषा कोणती, ऐकू कमी येते का, कवळी-चष्मा आहे का, जेवणात काय चालते, रोजची औषधे कोणती.
• चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी नाव लिहून सोबत द्या. यामुळे डिलिरियमची शक्यता कमी होते.

वृद्धाश्रमाशी बोलताना:
• एका पाळीत किती रहिवाशांमागे किती कर्मचारी असतात, आजारपणात त्यांना पगारी रजा मिळते का, ते दुसरीकडेही काम करतात का, हे प्रवेश घेण्याआधीच विचारा.
• व्हिडिओ कॉलची ठरावीक वेळ मागून घ्या.

घरी मावशी येत असतील तर:
• आजारी असल्यास येऊ नका, पैसे कापणार नाही, असे स्पष्ट सांगा आणि पाळा.
• मास्क, साबण, वेळेवर जेवण आणि आठवड्याची सुट्टी द्या.
• त्यांच्या लसीकरणाची चौकशी आपुलकीने करा.
• त्या येऊ शकल्या नाहीत तर कोण काय करणार, हे घरात आधीच ठरवा. कूस बदलणे आणि सुरक्षितपणे भरवणे घरातील दोघांनी तरी शिकून घ्यावे.

तक्रार कधी करावी?

ताण समजून घेणे म्हणजे हलगर्जी खपवून घेणे नव्हे. नवीन शय्याव्रण, झपाट्याने घटलेले वजन, कोरडी जीभ, कारण न सांगता येणारे वळ किंवा जखमा, सतत गुंगी, ठरावीक व्यक्ती जवळ आली की घाबरणे, यापैकी काही दिसल्यास लगेच प्रभारी परिचारिका किंवा व्यवस्थापकांशी बोला आणि डॉक्टरांकडून तपासून घ्या. तारीख-वेळ लिहून ठेवा. ज्येष्ठांवर अन्याय होत असल्यास १४५६७ या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइनवर मदत मिळते.

तुम्ही स्वतः सेवा करत असाल तर

परिचारिका असा, मावशी असा किंवा आईची शुश्रूषा करणारी मुलगी, दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, रुग्णावर हात उगारावासा वाटत असेल किंवा जगणे नकोसे झाले असेल, तर थांबू नका. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर समुपदेशक मराठीत बोलतात आणि ही सेवा मोफत आहे. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर जवळच्या माणसाला सांगून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

थोडक्यात

• महामारीत नातेवाईकांचे काम, वाढलेले रुग्ण आणि संसर्गाची भीती हे सगळे एकाच वेळी सेवा करणाऱ्यांवर येते.
• त्यांची विश्रांती, रजा आणि पगार यांचा आपल्या रुग्णाच्या सुरक्षिततेशी थेट संबंध आहे.
• शंका असल्यास नोंदी मागा, प्रश्न विचारा, धोक्याची चिन्हे दिसल्यास तक्रार करा.
• घरी येणाऱ्या मावशींची पगारी रजा आजच ठरवा. त्यासाठी साथीची वाट पाहू नका.