खापराची साक्ष

हिंगोली म्हटले की औंढा नागनाथाचे मंदिर आणि संत नामदेवांचे नरसी ही नावे प्रथम आपल्या ओठांवर येतात. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. निजामाच्या काळात हिंगोली ही लष्करी छावणी होती, तशीच ती कापसाची मोठी पेठ होती. १९१२ मध्ये पूर्णेहून येथवर मीटरगेज रेल्वे आली. कापसातून सरकी वेगळी करणारे जिन आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस हे मराठवाड्याच्या कापूसपट्ट्यातील सुरुवातीचे कारखाने होत. देवळाला भक्त राखतात. पडक्या जिनाला कोण राखणार?

हे काम सामान्य माणसाला साधेल काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण नामदेवांच्याच मागोमाग धाराशिव जिल्ह्यातील तेरला जाऊ. गोरोबा कुंभारांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, अशी कथा सांगतात. गोरोबांचे तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे फ्लीट या संशोधकाने १९०१ मध्ये मांडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरचे कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. म्हणजे हिंगोलीच्या रेल्वेआधी कितीतरी शतके याच प्रदेशातून कापसाचा माल समुद्राकडे जात होता.

या तेरची माती बोलती केली ती गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी. इतरांनी पायाखाली तुडवलेली खापरे, मणी, नाणी, मातीच्या मूर्ती त्यांनी जिव्हाळ्याने जमवल्या. आज त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेरला उभे आहे. तेरला मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेव्हा या व्यापाराचा काळ आपोआपच उजेडात येतो.

मात्र येथे एक गोष्ट आपण विसरू नये. पाँपेईची मूर्ती नेमकी कोठे सापडली हे ठाऊक आहे, म्हणूनच ती काळाची साक्ष देते. आपल्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत नावाबरोबर ठिकाण व तारीख असते. तीच गत खापराची. ठिकाण हरवलेले खापर मुके होते. म्हणून हौसेने खणू नये, सापडलेले विकू नये. जमिनीत पुरलेले मौल्यवान काही मिळाल्यास ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा निखात निधी कायदाही सांगतो.

जिनाच्या पडक्या भिंतीसाठी तर कुदळीचीही गरज नाही. एक वही, एक छायाचित्र आणि तेथे राबलेल्या वृद्धांची आठवण एवढे पुरे. भिंत पुन्हा बांधता येईल. त्या वृद्धांची आठवण मात्र त्यांच्यासोबतच जाईल. ती आपण वेळीच लिहून ठेवली पाहिजे.